मोटारीची जिल्हई

रात्री नऊ-दहाच्या सुमारास दिल्लीतल्या एखाद्या पेट्रोल पंपावर आपण रांगेत उभे असावे आणि पुढे एखादी काळ्या रंगाची मोटार असावी. छपराखालच्या प्रखर पांढऱ्या दिव्यांची प्रतिबिंबे तिच्या पाठीवर पडलेली असतात, आणि प्रत्येक प्रतिबिंबाभोवती, कोळ्याने विणावे तसे, चंदेरी तंतूंचे एक वर्तुळाकार जाळे पसरलेले दिसते. हीच मोटार सकाळी सावलीत पाहिली असती तर कोरी करकरीत वाटली असती. आभाळ भरून आले असले म्हणजे हे जाळे पार नाहीसे होते; एकटा, झगझगीत दिवा समोर आला की पुन्हा उमटते. मोटारींच्या धंद्यातील लोक या प्रकाराला ‘स्वर्ल’ म्हणतात. आपण त्याला भोवरे म्हणू या.

हे भोवरे खरोखर गोल असतात काय? घरातले वर्षानुवर्षे घासलेले एखादे स्टीलचे ताट घ्यावे आणि दिव्याखाली धरावे. त्यातही अशीच वर्तुळे दिसतील. आता ताट न हलविता आपले डोके थोडे बाजूला न्यावे. दिव्याचे प्रतिबिंब सरकते, आणि त्याच्याबरोबर वर्तुळांचा मध्यही सरकतो. ओरखडे तर ताटात कोरलेले आहेत, ते जागचे हलू शकत नाहीत. मग वर्तुळे कशी हलतात? उलगडा असा, की पृष्ठभागावर हजारो बारीक ओरखडे सर्व दिशांनी पडलेले असतात. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक सूक्ष्म चर. चराच्या उतारावर पडलेला प्रकाश चराच्या आडव्या अंगाने पसरतो, लांबीच्या दिशेने पसरत नाही. त्यामुळे प्रतिबिंबाकडे ज्यांची कूस आहे तेवढेच ओरखडे आपल्या डोळ्यांकडे प्रकाश फेकतात. ज्यांचे टोक प्रतिबिंबाकडे आहे ते अंधारात राहतात. उजळलेल्या या तुकड्यांचे मन आपोआप वर्तुळ करते. पावसाळ्या रात्री झाडाच्या ओल्या फांद्यांतून रस्त्यावरचा दिवा पाहिला असता फांद्यांचे गोल घरटे दिसते, तेही याच कारणाने.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे, की या वर्तुळांपायी एका माणसावर रोज अन्याय होत असतो. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथल्या वसाहतींतून पहाटे मोटारी पुसणारी मुले येतात. आमच्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थांनी (तेही आपल्याकडचेच, सोलापूरचे) आपल्या नव्या मोटारीवर भोवरे पाहिले आणि त्या मुलाला, तू गोल गोल पुसतोस म्हणून हे झाले, असे हिंदीतून चांगले खडसावले. मुलगा खाली मान घालून उभा राहिला. वास्तविक तो सरळच पुसत असे. मी आमच्या खिडकीतून रोज पाहत होतो. पण मोटारीवर गोल दिसतात म्हणजे हातही गोलच फिरला असला पाहिजे, हा तर्क इतका सरळ आहे की त्यापुढे साक्षीदाराचे काही चालत नाही.

दोष हाताच्या वळणाचा नसतो, फडक्यात अडकलेल्या धुळीचा असतो. आणि दिल्लीची धूळ ही काही लेचीपेची धूळ नव्हे. या शहराच्या अंगातून टेकड्यांची जी रांग गेली आहे आणि जिला येथे ‘रिज’ म्हणतात, ती अरवलीची शेपटी. तिचा खडक क्वार्ट्झाइट, म्हणजे मूळचा गारगोटीच्याच जातीचा. यमुनेच्या वाळूत गार आहे आणि अभ्रकही आहे. मे-जून महिन्यांत राजस्थानच्या बाजूने आँधी उठते, ती वाळवंटातली बारीक रेती घेऊन येते. शिवाय जिकडे पाहावे तिकडे बांधकामे चाललेली, त्यांची धूळ निराळीच. जर्मन खनिजशास्त्रज्ञ मोस याने १८१२ साली कठीणपणाची जी पायरी बसविली तीत शंखजिऱ्याला १, हिऱ्याला १० आणि गारगोटीला ७ असे अंक आहेत. खिडकीची काच साडेपाचच्या आसपास येते. आणि मोटारीवरचा रंग काचेपुढे अगदीच मऊ. अशी रेती रात्रभर गाडीवर बसते. हिवाळ्यात वरून दंव पडून तिचा पातळ चिखल होतो. त्यावरून कोरडे वा अर्धवट ओले फडके फिरविले, की त्या फडक्याचा पॉलिशपेपर झालाच म्हणून समजावे. पुसणाऱ्या मुलाजवळ एक बादली असते आणि एक फडके, आणि लोक कामावर निघण्यापूर्वी पंधरा-वीस मोटारी उरकावयाच्या असतात. विसाव्या मोटारीवरून फिरणाऱ्या फडक्यात आधीच्या एकोणीस मोटारींची धूळ असते.

हे ओरखडे नाहीसे करता येतात. मात्र ते कशातून नाहीसे करावयाचे आणि त्याची किंमत काय, हे समजण्यासाठी मोटारीच्या रंगाची घडण थोडी पाहिली पाहिजे.

जुन्या काळी मोटारीचा रंग म्हणजे सगळा एकजीव असे. १९२३ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने ‘ड्यूको’ नावाचा लवकर वाळणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग आणला, तेव्हा मोटार रंगविण्याचे आठवड्यांचे काम फार थोड्या वेळात होऊ लागले. ते नाव आपल्याकडे इतके रुजले, की फवाऱ्याने मारलेल्या कोणत्याही रंगाला लोक कित्येक वर्षे ड्यूकोच म्हणत आले. ज्यांनी घरी अँबॅसिडर बाळगली असेल त्यांना आठवत असेल: पॉलिश लावून फडके फिरविले की फडक्याला गाडीचाच रंग लागे. लागणारच, कारण वरचा थर रंगाचाच होता आणि तोच घासला जात होता. १९८३ च्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती बाहेर पडली आणि पुढे हळूहळू आपल्या रस्त्यांवरच्या मोटारींचे रंगरूप बदलले. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर प्रथम विद्युतप्रवाहाच्या साह्याने बसविलेला गंजरोधक लेप असतो, त्यावर अस्तर, त्यावर रंगाचा एक अत्यंत पातळ थर आणि सर्वांत वर बिनरंगी, पारदर्शक लाखेसारखा थर. यालाच ‘क्लिअर कोट’ म्हणतात. झळाळी असते ती या शेवटच्या थराची. रंग बिचारा खाली झाकलेला असतो.

हे सगळे थर मिळून जाडी किती? साधारण १०० ते १५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे मोटारीचा सारा डामडौल दीड-दोन केसांच्या जाडीत सामावलेला आहे, आणि त्यातला पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनांचा, म्हणजे एका केसाहूनही पातळ. या थरात सूर्याचे जंबुपार किरण शोषून घेणारी द्रव्ये मिसळलेली असतात. तो थर पुरेसा जाड असेल तोवरच खालचा रंग आणि त्याखालचा लेप उन्हापासून सुरक्षित राहतो. दिल्लीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या काळ्या मोटारीच्या पत्र्यावर हात ठेववत नाही. तेथे या थराचे महत्त्व काय आहे, ते वेगळे सांगावयास नको. तो फार झिजला म्हणजे काही वर्षांनी टपावर पांढुरके चट्टे उठतात आणि सापाने कात टाकावी तसे पापुद्रे सुटू लागतात. अशी पापुद्रे सुटलेली मोटार कोणत्याही पॉलिशने सुधारत नाही. ती पुन्हा रंगवावीच लागते.

आता पॉलिश करणे म्हणजे नेमके काय? आपल्याकडे जिल्हई देण्याच्या दोन परंपरा आहेत. दौलताबाद आणि जुन्नर येथे हातकागद तयार होई, त्यावर अकिकाचा गुळगुळीत दगड फिरवून तो घोटीत असत. म्हणूनच त्याला घोटीव कागद म्हणत. घोटण्यात काही काढून टाकावयाचे नसते, उंचसखल भाग दाबून सपाट करावयाचा असतो. दुसरी परंपरा सोनाराची आणि मूर्ती घडविणाऱ्या पाथरवटाची. ते आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक अशा कणांनी घासत जातात. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात काचेच्या जिल्हईचा विचार केला आहे. त्याचे म्हणणे असे, की वाळूने वा अन्य चूर्णाने घासले म्हणून काचेचे ओरखडे जात नाहीत, ते इतके बारीक होतात की डोळ्यांस दिसेनासे होतात. धातूंच्या बाबतीत हे संपूर्ण सत्य नाही, असे पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी बेल्बी या रसायनशास्त्रज्ञाने मांडले. परंतु मोटारीच्या रंगापुरते न्यूटनचे म्हणणे पुरेसे आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आगेमागे असते. त्याहून पुष्कळ उथळ ओरखडा डोळ्यांच्या दृष्टीने नसल्यासारखाच.

म्हणजे ओरखडा काढणे ही बोलण्याची रीत झाली. ओरखडा ही मुळात उणीव आहे. नसलेली वस्तू काढणार कशी? खळगा भरता येत नाही, म्हणून भोवतालची जमीनच खळग्याच्या तळापर्यंत खाली आणावयाची, असा हा व्यवहार आहे. त्यासाठी जे मलम वापरतात त्यात बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात. हाच पदार्थ निसर्गात कुरुविंद म्हणून सापडतो. माणिक आणि नीलम ही त्याचीच श्रीमंत भावंडे. मोसच्या पायरीवर त्याचा अंक ९. ज्या धुळीने रंग बिघडविला तिच्याहूनही कठीण वस्तूने तो सुधारावयाचा, फक्त कण फार बारीक आणि सारखे हवेत.

हे काम हातानेही होते, परंतु हाताचा दाब आणि वेग एकसारखा राहत नाही आणि एका दारातच खांदा भरून येतो. म्हणून यंत्र. यंत्रे दोन जातींची. पहिल्यात स्पंजाची किंवा लोकरीची गादी एकाच अक्षाभोवती गरगर फिरते. सहा इंची गादी मिनिटाला १,५०० फेरे घेऊ लागली की तिच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर, म्हणजे ताशी ४० किलोमीटरांहून अधिक होतो. ते झपाट्याने कापते, आणि तितक्याच झपाट्याने तापवते. एका जागी क्षणभर अधिक रेंगाळले, किंवा दाराच्या धारेवर आणि बॉनेटच्या उंचवट्यावर टेकले, की पारदर्शक थर जळून खालचा रंग उघडा पडतो. अननुभवी हातात हे यंत्र जुने भोवरे घालवून आपले स्वतःचे नवे वळसे मागे ठेवते. ते उन्हात चमचमतात, आणि गाडीबरोबर चालत असल्यासारखे दिसतात. दुसऱ्या जातीच्या यंत्रात गादी स्वतःभोवती फिरते, आणि शिवाय तिचा मध्यही एका लहान वर्तुळात, बहुधा ८ ते २१ मिलिमीटरांच्या फेऱ्यात, घुमत राहतो. पृथ्वीचे परिवलन आणि परिभ्रमण शाळेत शिकलो, तसाच काहीसा हा प्रकार. कोणताही कण त्याच वाटेने पुन्हा जात नाही, उष्णता विखुरते, आणि फार दाबले तर गादीचे फिरणे आपोआप थांबते. कारागीर गादीच्या पाठीवर शाईने एक रेघ ओढून ठेवतात. रेघ फिरताना दिसली की काम चालू आहे, स्थिर दिसली की हात सैल करावयाचा. नवशिक्याने हेच यंत्र हाती घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या स्वतःच्या गडद निळ्या मोटारीची हकीकत येथे सांगितली तर विषयांतर होणार नाही. एका दुरुस्तीगृहात दरवर्षी तेलपाणी बदलतेवेळी ‘पॉलिशही करून देऊ’ असे मोठ्या अगत्याने विचारले जाई आणि मीही हो म्हणे. गाडी आरशासारखी होऊन येई. तीन-चार वेळा धुतली की भोवरे पुन्हा हजर. मला वाटे, पुसणाऱ्या मुलानेच पुन्हा केले. म्हणजे ज्या अन्यायाबद्दल मी शेजाऱ्यांना मनातल्या मनात दोष देत होतो, तोच मीही करीत होतो. तिसऱ्या वर्षी करोलबागेत, जुन्या मोटारींचा बाजार भरतो त्या भागात, एका वयस्क कारागिराकडे गाडी नेली. त्याने यंत्राला हातही लावला नाही. आधी गाडी धुवून घेतली. मग पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून तो बॉनेटवरून अलगद फिरविला. पिशवीतून अगदी बारीक खरखरही बोटांना कळते. रुतून बसलेले लोखंडाचे आणि डांबराचे कण त्याने साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या मऊ चिकणमातीसारख्या वडीने उचलून घेतले. त्यानंतर खिशातून काडेपेटीएवढे एक उपकरण काढले. ते पत्र्यावर टेकले की चुंबकत्वाच्या योगाने रंगाची जाडी अंकांत दाखवते. टपावर आकडा आला ११८. दारांवर ११० च्या आसपास. बॉनेटच्या मध्यावर ८४.

हे उपकरण सर्व थरांची एकत्र जाडी सांगते, एकट्या पारदर्शक थराची नव्हे. म्हणून एका आकड्यावरून निर्णय करता येत नाही, शेजारशेजारच्या आकड्यांची तुलनाच करावी लागते. त्याने तुलना केली आणि मला म्हणाला, “साहब, इसको बहुत घिसा है.” मग कापसावर अल्कोहोल घेऊन त्याने बॉनेटचा एक कोपरा पुसला. निम्मे भोवरे जे लपले होते, ते माझ्या डोळ्यांदेखत वर आले. पहिल्या ठिकाणी यंत्र बेफाट चालवून थर तर झिजविला होताच, वर उरलेले ओरखडे तेलकट, मेणकट द्रव्याने भरून दडविले होते. साबणाने ते द्रव्य धुतले जाई आणि भोवरे वर येत. दरवर्षी मी पैसे देऊन गाडीचे आयुष्य थोडे थोडे विकत होतो.

बॉनेटला यंत्र लावण्यास त्या कारागिराने साफ नकार दिला. पैसे मिळत असता नकार देणारा माणूस बाजारात क्वचितच भेटतो, म्हणून त्याचे काम मी बसून पाहिले. रबराच्या पट्ट्या, काळे प्लॅस्टिक आणि दारांच्या धारा त्याने कागदी चिकटपट्टीने झाकल्या. गाडी सावलीत, पत्रा थंड. प्रथम दारावर हात-दीड हाताचा एक चौकोन निवडून सर्वांत मऊ गादी आणि सर्वांत सौम्य मलम लावून पाहिले. तेवढ्याने भागले नाही, तेव्हाच एक पायरी वर गेला. त्याची समजूत अशी, की जेवढ्याने काम होते त्याहून जोरकस औषध वापरणे म्हणजे रंगाची चोरी. आधी आडव्या, मग उभ्या, एकमेकींवर निम्म्या चढणाऱ्या चार-सहा फेऱ्या. यंत्र बैलगाडीच्या गतीने सरकते आहे. नंतर मऊ फडक्याने पुसणे, हातातल्या छोट्या दिव्याने तिरपे पाहणे, अल्कोहोलने पुसून पुन्हा पाहणे. सगळ्या गाडीस दीड दिवस लागला. शेवटी टपावर पुन्हा आकडा घेतला: ११५. तीन मायक्रॉन खर्च झाले होते. एकंदर आयुष्यात सात-आठ मायक्रॉनांपलीकडे जाऊ नये, असा या विद्येतील जाणकारांचा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे असे काम फार तर दोन-तीनदा. नख अडकते इतका खोल ओरखडा असेल तर तो तसाच राहू द्यावा. त्याचा तळ गाठण्यापूर्वीच पारदर्शक थर संपावयाचा.

नंतर वर कोणता लेप लावावा, याविषयी बाजारात पुष्कळ गलबला आहे. मेण काही आठवडे टिकते, कृत्रिम लेप काही महिने, आणि सिरॅमिक म्हणून जो विकला जातो तो अधिक काळ. त्याच्या जाहिरातीत ‘९ एच’ कठीणपणा असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते आणि ग्राहक त्यास मोसच्या पायरीवरील कुरुविंदाचा ९ समजतो. तो अंक पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाचा आहे. कठीण पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढेच त्याचे म्हणणे. दिल्लीच्या रेतीला पेन्सिलीचा धाक कसला वाटणार? या लेपांचा खरा उपयोग असा, की त्यांवर धूळ आणि पाणी कमी चिकटते, म्हणून धुताना कमी घासावे लागते. उपयोग चांगला आहे. त्यास चिलखताचे नाव देऊ नये.

जुन्या मोटारींच्या शौकिनांपुढे मात्र निराळाच प्रश्न असतो. दिल्लीत १९६४ पासून ‘स्टेट्समन’ वृत्तपत्रातर्फे जुन्या मोटारींची फेरी निघत आली आहे. चाणक्यपुरीच्या रेल्वे संग्रहालयातील १९१४ सालचा जॉन मॉरिस बनावटीचा आगीचा बंबही तीत भाग घेत आला आहे. अशा वाहनावर मूळचा रंग शिल्लक असेल, तर त्यावरची पिढ्यांची झीज हाच त्याचा पुरावा असतो. तो घासून चकचकीत करणे आणि जुन्या पोथीची पाने पांढरी करणे यांत फारसा फरक नाही. पण हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

करोलबागेहून परतताना त्या कारागिराने मला दोन बादल्या घ्यावयास सांगितले होते. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत नुसते. आधी पाणी ओतून सुटी धूळ वाहवून द्यावयाची, मग वरून खाली धूत यावयाचे, आणि हातातला मऊ मोजा साबणात बुडविण्याआधी प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून काढावयाचा. गुरुग्राम-नोएडाकडे विहिरीचे पाणी जड. ते गाडीवर वाळले की क्षारांची कडी उठतात, तेव्हा लगेच टिपून घ्यावयाचे. मी बादल्या आणल्या, सहा मऊ फडकी आणली आणि ती आमच्या मुलाच्या स्वाधीन केली. रोज कोरडे पुसणे बंद करून आठवड्यातून दोनदा धुवावे, पगार तोच राहील, असे ठरले. पहिला आठवडाभर त्याचा विश्वास बसला नाही. न पुसता पैसे मिळतात यात काहीतरी खोट असावी, असे त्याला वाटत होते; तो रोज पहाटे येऊन, गाडीला हात न लावता, नुसता उभा राहून जाई.

आज आठ महिने झाले. पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली टपावर आणि दारांवर प्रतिबिंबे स्वच्छ पडतात. बॉनेटवरचे जाळे आहे तसेच आहे, आणि ते तसेच राहू द्यावयाचे मी ठरविले आहे.